कळलेलं बरं की न कळलेलं?

तपासणीचा अहवाल असलेलं एक पाकीट माझ्या टेबलाच्या खणात अकरा दिवस पडून होतं. रोज काही ना काही घ्यायला खण उघडायचो. स्टेपलर काढायचो, पाकिटाच्या कडेला बोट लागायचं, की खण बंद. पाकिटाचा एक कोपरा नीट चिकटलेला नव्हता. त्यातून आतल्या कागदाची घडी आणि प्रयोगशाळेच्या नावाखालची निळी रेघ तेवढी दिसायची. बाराव्या दिवशी फोनवर बोलता बोलता ताईला सांगून बसलो. ती म्हणाली, "अरे, कागद आहे तो. साप नाहीये."

गंमत म्हणजे इतरांच्या बाबतीत मी ‘खरं काय ते एकदाचं कळू दे’ या पंथाचा. दुसऱ्याने डॉक्टरकडे जायला चालढकल केली की मीच त्याला चार शब्द सुनावणार. स्वतःवर आलं तेव्हा मात्र खण.

हा प्रश्न दिवसेंदिवस जास्त लोकांच्या दारात येतो आहे. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने अल्झायमरच्या निदानाला मदत करणाऱ्या पहिल्या रक्तचाचणीला परवानगी दिली. ती ५५ वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या आणि लक्षणं दिसू लागलेल्या लोकांसाठी आहे, सरसकट सगळ्यांसाठी नाही. पण नळीत थुंकून टपालाने पाठवायची आणि स्वतःच्या जनुकांची माहिती मागवायची, ही सोय बऱ्याच देशांत केव्हाच आली आहे. आपल्या आजीआजोबांपुढे हा पेच नव्हता. त्यांना कळायची सोयच नव्हती. आपल्याला सोय आहे, म्हणून ‘नको’ म्हणायचं तर तेही आपल्यालाच म्हणावं लागतं.

आधी एक शब्द समजून घेऊ

अंधाऱ्या खोल्या दोन प्रकारच्या असतात. एकीत दिवाच नसतो. दुसरीत दिवा असतो, बटण हाताशी असतं, पण आपण ते दाबत नाही. पहिली खोली म्हणजे साधं अज्ञान. दुसरीला अभ्यासक ‘माहिती टाळणं’ म्हणतात. माहिती उपलब्ध आहे, ती मिळवायला फारसा खर्च किंवा कष्ट नाहीत, कदाचित ती उपयोगाचीही आहे, तरीही माणूस ती घेत नाही. या लेखात ‘टाळणं’ हा शब्द येईल तो या अर्थाने.

बटण न दाबण्याच्याही दोन तऱ्हा आहेत आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. एक ‘नको’ आणि दुसरं ‘आज नको’. ‘नको’ म्हणणाऱ्याने विचार केलेला असतो. ‘आज नको’ म्हणणाऱ्याने तो विचारच पुढे ढकललेला असतो, आणि पुन्हा स्वतःला सांगितलेलं असतं की हे ढकलणं वगैरे काही नाही, जरा कामाची गडबड आहे इतकंच. माझं पाकीट कुठल्या खात्यात जमा होतं ते सांगायला नकोच.

असं वागणारे थोडेच असतील ना?

उलट आहे. गेर्ड गिगेरेन्झर आणि रोसिओ गार्सिया-रेतामेरो या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये जर्मनी आणि स्पेनमधल्या दोन हजारांहून जास्त प्रौढांची पाहणी प्रसिद्ध केली. प्रश्न साधे होते. जोडीदार कधी जाणार हे आज कळत असेल तर हवंय का? आपण कशाने मरणार हे? लग्न टिकणार की मोडणार हे? अशा वाईट गोष्टींबद्दल ८५ ते ९० टक्के लोकांनी ‘नको’ म्हटलं. चांगल्या गोष्टी आधी कळण्यालाही ४० ते ७० टक्के लोकांचा नकार होता. सगळंच्या सगळं कळू दे म्हणणारा सापडला शंभरात एक.

पण ते प्रश्न कल्पनेतले होते. भविष्य खरोखर सांगणारं यंत्र कुणाकडेच नाही. म्हणून खरंखुरं उदाहरण बघू.

हंटिंग्टन नावाचा मेंदूचा आनुवंशिक आजार आहे. आई किंवा वडिलांना तो असेल, तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी. नाणं उडवल्यासारखी. लक्षणं साधारण तिशी ते पन्नाशीत सुरू होतात. हालचालींवरचा ताबा सुटतो, विचार करण्याची ताकद कमी होत जाते, स्वभाव बदलतो. बरं करणारं औषध नाही. हा दोष नेमका कुठल्या जनुकात आहे ते १९९३ मध्ये सापडलं आणि रक्ताच्या एका नमुन्यावरून, लक्षणं दिसायच्या कितीतरी वर्षं आधी, हो की नाही हे सांगता येऊ लागलं.

चाचणी यायच्या आधी अशा घरांतल्या लोकांना विचारलं होतं, तेव्हा बहुतेकांनी करून घेऊ म्हटलं होतं. प्रत्यक्षात चाचणी आली तेव्हा पुढे झालेल्यांचं प्रमाण बऱ्याच देशांत ५ ते २० टक्क्यांच्या आसपासच राहिलं. बटण हाताशी नव्हतं तोवर दाबायची भाषा सोपी होती.

मन असं का वागतं?

पहिलं कारण उघड आहे: वाईट बातमीने वाईट वाटतं. पण तेवढ्याने सगळं उलगडत नाही, कारण वाईट बातमी आज ना उद्या कळणारच असते, तरी माणूस आजचा दिवस वाचवतो.

शेअर बाजारात हे स्वच्छ दिसतं. कार्लसन, लोवेनस्टाइन आणि सेप्पी या तिघांनी २००९ मध्ये दाखवून दिलं की बाजार चढता असला की गुंतवणूकदार आपलं खातं वरचेवर उघडून बघतात आणि बाजार पडला की तेच लोक खात्याकडे फिरकत कमी. खातं न बघितल्याने तोटा भरून येत नाही, हे त्यांना कळत नाही असं थोडंच आहे? पण न पाहिलेला तोटा अंगाला लागत नाही. याला ‘शहामृग परिणाम’ असं नाव पडलं आहे. बिचाऱ्या शहामृगाची यात फुकट बदनामी झाली. तो वाळूत डोकं खुपसत नाही. जमिनीतल्या खड्ड्यात अंडी असतात, ती चोचीने फिरवायला तो मान खाली घालतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं डोकंच गेलं. म्हणजे मान खाली घालून तो घरचं काम करत असतो, आणि आपण त्याचं नाव भलत्यालाच दिलं आहे. मांजर डोळे मिटून दूध पिते, ही आपली म्हण त्यापेक्षा बरी.

दुसरं कारण जास्त खोल आहे. कळलं की काहीतरी करावं लागतं. वजनकाट्यावर उभं राहिलं की आकडा दिसतो, आणि आकडा दिसला की उद्यापासून सकाळी उठणं आलं. पुष्कळदा आपण माहितीला घाबरत नसतो, तिच्यामागून येणाऱ्या कामाला घाबरत असतो.

तिसरं कारण सगळ्यात नाजूक: स्वतःबद्दलचं मत. ‘मी चांगला बाप आहे’, ‘मी माझ्या कामात पक्का आहे’ ही मतं आपण घरातल्या सामानासारखी जपतो. त्यांना तडा देणारी बातमी म्हणजे घरात शिरू पाहणारा चोर. दार लावून घेणं मग साहजिकच.

पण न कळण्यात सुख तरी असतं का?

‘अज्ञानात सुख’ हे वाक्य पहिल्या खोलीबद्दल खरं असेल, जिथे दिवाच नाही. दुसऱ्या खोलीत ते खरं नाही, कारण तिथे बटण आहे हे आपल्याला सतत माहीत असतं.

ताई सापाचं बोलली तेव्हा मला एक प्रयोग आठवला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये तो प्रसिद्ध केला. ४५ जणांना संगणकाच्या पडद्यावर दगड दाखवायचे आणि विचारायचं, याच्याखाली साप आहे की नाही? साप निघाला की हाताला विजेचा सौम्य पण दुखणारा झटका. कुठल्या दगडाखाली साप निघण्याची शक्यता किती, हे मधूनमधून बदलत ठेवलं होतं. सोबत घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोजून ताण किती आहे ते बघितलं. सगळ्यात जास्त ताण कधी आला? साप नक्की आहे तेव्हा नाही. शक्यता बरोबर ५० टक्के होती तेव्हा. झटका बसणारच हे ठाऊक असलेली माणसं त्या मानाने शांत होती.

हंटिंग्टनच्या बाबतीतही याच्याशी जुळणारं काही दिसलं. कॅनडातल्या, १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चाचणी झालेल्यांची वर्षभर विचारपूस केली होती. (जनुक सापडायच्या आधीची ती चाचणी पक्कं हो-नाही सांगत नसे, धोका वाढला की कमी झाला एवढंच सांगे.) ज्यांना धोका वाढल्याचं कळलं, तेही वर्षाअखेरीस मनाने, अजून अधांतरीच असलेल्या लोकांपेक्षा बऱ्या अवस्थेत होते. आणि उलटी गोष्टही घडली. ‘तुम्हाला धोका कमी आहे’ असं सांगितलेल्यांपैकी काहींना ती चांगली बातमीच पेलवेना. आयुष्यभर आजार होणार असं धरून चालल्यावर, लग्न, मूल, नोकरी सगळं त्या हिशेबाने लावल्यावर, अचानक कुणी म्हणतं की हिशेबच चुकला होता. तेव्हा माणूस नाचत सुटत नाही, थोडा वेळ रस्ता चुकल्यासारखा उभा राहतो.

हे वाचून ‘बघा, कळलेलंच बरं’ असा निकाल लावायची घाई करू नका. या अभ्यासातले लोक स्वतःहून, समुपदेशन घेऊन, मनाची तयारी करून पुढे आलेले होते. बाकीच्यांना धरून आणून सांगितलं असतं तर काय झालं असतं, ते यातून कळत नाही.

कळून करणार काय?

टाळणाऱ्यांचा हा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे आणि तो चेष्टेवारी नेण्यासारखा नाही.

एचआयव्हीचा इतिहास पाहा. विषाणू आहे का ते ओळखणारी रक्तचाचणी १९८५ मध्ये आली. औषध काहीच नव्हतं. पहिलं औषध १९८७ मध्ये आलं, तेही तोकडं. त्या काळात चाचणी टाळणाऱ्या माणसाला मूर्ख म्हणायला माझी जीभ रेटत नाही. हाती पडणार ती शिक्षा, आणि वर नोकरी, घर, माणसं सुटण्याची धास्ती. १९९६ च्या सुमारास अनेक औषधं एकत्र देण्याचे उपचार आले आणि चित्र पालटलं. आज वेळेवर कळलं आणि औषध नीट घेतलं, तर माणूस जवळपास इतरांइतकं जगतो. विषाणूचं प्रमाण मोजता येणार नाही इतकं खाली राहिलं, तर लैंगिक संबंधांतून तो दुसऱ्याला देतही नाही. चाचणीतून कळणारी गोष्ट १९८५ मध्ये होती तीच आहे. ती कळण्याची किंमत मात्र औषधाने बदलून टाकली.

हंटिंग्टनचं औषध अजून आलेलं नाही, म्हणून तिथला ‘नको’ मला समजतो. डीएनएची रचना उलगडणाऱ्या जोडीपैकी एक, नोबेलविजेते जेम्स वॉटसन, यांनीही असंच एक ‘नको’ म्हटलं होतं. २००७ मध्ये त्यांचा संपूर्ण जनुकसंच वाचून त्यांच्या हाती दिला गेला. तो जाहीर करायला त्यांची हरकत नव्हती. फक्त अल्झायमरच्या धोक्याशी जोडलेलं एक जनुक, एपीओई, तेवढं झाकून ठेवा म्हणाले. त्यांच्या आजीला तो आजार होता. पुढे दुसऱ्या शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की शेजारच्या जनुकांवरून झाकलेल्या जागी काय असेल याचा अंदाज बांधता येतो. मग तो आजूबाजूचा पट्टाही काढून टाकावा लागला. एक खिडकी लावून भागलं नाही, शेजारची तावदानंही रंगवावी लागली.

आणि कळण्यानेच नुकसान होतं अशीही उदाहरणं आहेत. दक्षिण कोरियात १९९९ पासून कर्करोगासाठी देशव्यापी तपासणी मोहीम सुरू झाली. तिच्याबरोबर थोडे पैसे देऊन गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीची सोनोग्राफीही लोक करून घेऊ लागले. १९९३ च्या तुलनेत २०११ मध्ये थायरॉइडच्या कर्करोगाचं निदान १५ पट झालं. एका वर्षात ४० हजारांहून जास्त. त्या आजाराने होणारे मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. म्हणजे काय झालं? आयुष्यभर त्रास दिला नसता अशा बारीक गाठी सापडत गेल्या, आणि सापडल्या म्हणून कापल्या गेल्या. ग्रंथी गेली की रोजची गोळी जन्माची मागे लागते. काहींच्या आवाजाची नस दुखावली. याला ‘अतिनिदान’ म्हणतात: आजार खरा, पण तो शोधून रुग्णाचं भलं झालं नाही.

तेव्हा ‘माहिती कधी वाया जात नाही’ हे वाक्य ऐकायला छान आहे, खरं नाही.

माझं न कळणं, माझा प्रश्न. इतरांना काय त्याचं?

इथे मात्र माझा सूर बदलतो.

जेसन डेना आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एक साधा खेळ प्रसिद्ध केला. तुमच्यापुढे दोन पर्याय. एकात तुम्हाला ६ डॉलर आणि समोरच्या अनोळखी माणसाला १. दुसऱ्यात दोघांना ५-५. सगळं समोर मांडलेलं होतं तेव्हा ७४ टक्के लोकांनी ५-५ निवडलं. माणसं चांगली असतात म्हणायची. मग खेळ जरा बदलला. तुम्हाला ६ किंवा ५ एवढंच दिसतं, समोरच्याला काय मिळणार ते झाकलेलं. कदाचित तुमचे ६ घेऊन त्याचंही भलं होईल, कदाचित होणार नाही. एक बटण दाबलं की फुकटात कळेल. ४४ टक्के लोकांनी बटण दाबलंच नाही.

वाईट वागायची इच्छा त्यांच्या मनात असेलच असं नाही. त्यांना एक सोय हवी होती: ‘मला कुठे माहीत होतं?’ असं पुढे म्हणता यावं, ही. ही सोय आपण सगळेच वापरतो. स्वस्त वस्तू इतकी स्वस्त कशी, हे विचारत नाही. कामाच्या ठिकाणी कोपऱ्यात बसणारी व्यक्ती गप्प गप्प का झाली, हे विचारत नाही. आणि मोठ्या हुद्द्यावर बसलेल्यांच्या बाबतीत ‘मला कुणी सांगितलंच नाही’ हे वाक्य कसं तयार होतं? हाताखालच्यांना आधीच कळलेलं असतं की साहेबांना काय ऐकायला आवडत नाही. कायद्यालाही ही पळवाट ठाऊक आहे. इंग्लंड-अमेरिकेच्या न्यायालयांत मुद्दाम डोळे मिटून घेणाऱ्याला बऱ्याच गुन्ह्यांत ‘माहीत होतं’ असंच धरतात.

सगळ्यात जड उदाहरण वैद्यकातलंच आहे. १८४७ साल, व्हिएन्नातलं मोठं सार्वजनिक रुग्णालय. बाळंतपणाचे दोन विभाग. एकात डॉक्टर आणि विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी. डॉक्टरांच्या विभागात बाळंतरोगाने मरणाऱ्या बायका कितीतरी जास्त. तिथले तरुण डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांना उत्तर सापडलं, आणि ते भयंकर होतं. डॉक्टर सकाळी शवविच्छेदन करत आणि तेच हात घेऊन बाळंतिणींना तपासत. मे महिन्यात त्यांनी क्लोरिनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये १८.३ टक्के असलेला मृत्युदर जूनमध्ये २.२ टक्क्यांवर आला.

इतकं ढळढळीत दिसूनही बऱ्याच नामवंतांनी ते मानलं नाही. याची कारणं एकाहून जास्त आहेत. जंतू म्हणजे काय ते अजून पुरतं कळलं नव्हतं आणि सेमेलवाइस यांनी स्वतःही सविस्तर लिखाण करायला १८६१ उजाडवलं. पण ती बातमी गिळायची म्हणजे काय कबूल करायचं होतं, हे बघा. ‘मी इतकी वर्षं जीव वाचवत होतो’ या वाक्यातलं ‘वाचवत’ खोडून तिथे दुसरं क्रियापद लिहायचं होतं. त्यांच्या जागी मी असतो तर लिहिलं असतं का? छातीठोक सांगू शकत नाही.

एकाने लिहिलं. जर्मनीतल्या कील शहरातले प्रसूतितज्ज्ञ गुस्ताव मिकाएलिस यांनी ते मानलं आणि आपल्या रुग्णालयात हात धुणं सुरू केलं. त्याआधी त्यांनी आपल्या एका नात्यातल्या बहिणीचं बाळंतपण केलं होतं आणि ती बाळंतरोगाने गेली होती. आपल्याच हातांनी ते घडलं, या जाणिवेखाली ते पिचले आणि १८४८ मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं.

या गोष्टीपाशी मी दर वेळी अडखळतो. सत्य स्वीकारणारा माणूस मोडला आणि न स्वीकारणारे मानाने निवृत्त झाले. फक्त त्या न स्वीकारण्याचा खर्च त्यांच्या खिशातून गेला नाही. तो बाळंतिणींनी भरला. म्हणून ‘माझं न कळणं, माझा प्रश्न’ म्हणणाऱ्याला मी एवढंच विचारतो की बिल नक्की तुझ्याच नावावर येतंय ना?

‘त्यांना सांगू नका हं, धसका घेतील’

स्वतः टाळणं वेगळं आणि दुसऱ्यासाठी परस्पर टाळणं वेगळं. अमेरिकेतल्या १९६१ च्या एका पाहणीत ९० टक्के डॉक्टर कर्करोग झाल्याचं रुग्णाला न सांगणं पसंत करत होते. १९७९ मध्ये तसेच प्रश्न विचारले तेव्हा ९७ टक्के सांगण्याच्या बाजूचे निघाले. अठरा वर्षांत उलथापालथ. उपचार सुधारले होते, रुग्णाच्या हक्कांची भाषा रुजत होती.

घरच्यांचा हेतू वाईट नसतो. पण आजारी माणसाला खोलीबाहेरची कुजबुज ऐकू येत असते. त्याला कळलेलं असतं, आपल्याला कळलेलं नाही असं दाखवायचं आहे हेही कळलेलं असतं, आणि मग शेवटचे महिने सगळे मिळून नाटक करत बसतात. ज्याला बोलायचं असतं त्याला बोलायला कुणी मिळत नाही.

याचं उत्तर ‘सगळं तोंडावर सांगून मोकळे व्हा’ हेही नाही. १९९७ मध्ये युनेस्कोने मानवी जनुकसंचाबद्दल जो जाहीरनामा काढला, त्यात स्वतःच्या जनुकीय तपासणीचे निष्कर्ष कळवून घ्यायचे की नाही हे ठरवण्याचा प्रत्येकाचा हक्क मान्य केला आहे. त्याच वर्षीच्या, वैद्यकातल्या मानवी हक्कांबद्दलच्या युरोपातल्या ओविएदो करारातही, ज्याला कळून घ्यायचं नाही त्याची इच्छा पाळावी, असं म्हटलं आहे. विचारायचं त्यालाच: ‘तुला किती कळायला हवंय?’ काहीजण म्हणतात सगळं. काहीजण म्हणतात, माझ्या मुलीला सांगा, मला फक्त पुढे काय करायचं ते सांगा. दोन्ही उत्तरं खरी.

जुन्या फाइली उघडाव्यात का?

पूर्व जर्मनीची गुप्त पोलीस यंत्रणा, श्टाझी, हिने आपल्याच नागरिकांवर पाळत ठेवून जमवलेली कागदपत्रं सलग मांडली तर १११ किलोमीटर होतात. बर्लिनची भिंत पडल्यावर कायदा झाला आणि जानेवारी १९९२ पासून लोकांना स्वतःची फाइल वाचायला मिळू लागली. पूर्व जर्मनीतल्या एक चळवळ्या कार्यकर्त्या आणि पुढे खासदार झालेल्या वेरा लेंग्सफेल्ड यांना त्या कागदांतून काय कळलं? ‘डोनाल्ड’ या टोपणनावाने आपल्यावर अहवाल पाठवणारा माणूस म्हणजे आपला नवरा.

लाखो लोकांनी आपली फाइल मागवली. पण न मागवणारेही पुष्कळ आहेत. त्यांच्याशी अभ्यासक बोलले तेव्हा काहींनी सांगितलं की आता त्याचा काय संबंध, काहींनी सांगितलं की जवळच्या कुणाचं नाव निघेल ही भीती वाटते. फाइल न उघडणाऱ्या म्हाताऱ्याला मी भित्रा म्हणणार नाही. चाळीस वर्षांच्या मैत्रीवर एक कागद ठेवून बघायचा की नाही, हे त्याचं त्याने ठरवावं. देशाने मात्र फाइली जाळणं बरं नव्हतं, आणि बहुतेक फाइली नष्ट होऊ दिल्या नाहीत, हे उत्तम झालं. दिवा हवाच. बटण ज्याच्या त्याच्या हाती.

मुद्दाम डोळे झाकणं शहाणपणाचंही असतं?

असतं, आणि आपण ते रोज मान्य करतो. नव्या औषधाची चाचणी घेताना खरी गोळी कुणाला आणि नुसती साखरेची कुणाला, हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांपासून लपवतात, कारण कळलं की निरीक्षणात मन शिरतं. उत्तरपत्रिकेवरचं नाव झाकतात ते यासाठीच. अंपायरने आपला आवडता खेळाडू कोण हे विसरून जाणं त्याच जातीचं. फरक एवढा की इथे काय झाकायचं, का आणि किती वेळ, हे आधी ठरलेलं असतं आणि चारचौघांत सांगता येतं. आपल्या टाळण्याला ही कसोटी लावून बघावी. ‘मी ही तपासणी करणार नाही, कारण असं असं’ हे घरच्यांपुढे एका वाक्यात म्हणता आलं, तर तो ‘नको’. म्हणताना चाचरायला झालं, तर ‘आज नको’.

नॅन्सी वेक्सलर यांचं नाव इथे घ्यायला हवं. त्यांच्या आईला हंटिंग्टन होता, म्हणजे त्यांच्यापुढे ते निम्म्या शक्यतेचं नाणं होतं. व्हेनेझुएलातल्या माराकायबो सरोवराकाठी या आजाराची घरंच्या घरं आहेत. तिथे वर्षानुवर्षं जाऊन, रक्ताचे नमुने आणि वंशावळी गोळा करून, जनुक शोधणाऱ्या मोहिमेचं नेतृत्व त्यांनी केलं. जगाला ते बटण मिळवून देण्यात त्यांचा वाटा मोठा. स्वतःच्या चाचणीबद्दल मात्र त्या बराच काळ जाहीरपणे काही बोलल्या नाहीत. २०२० मध्ये त्यांनी सांगितलं की आजार आपल्यालाही आहे. तोवरची वर्षं त्यांनी या आजारावर काम करण्यात घालवली होती.

माझ्या पाकिटाचं सांगायचं राहिलं. ताईचा फोन ठेवला आणि उभ्या उभ्याच ते फाडलं. आत ना चांगली बातमी ना वाईट. एक आकडा काठावर होता आणि खाली लिहिलं होतं, तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं. डॉक्टरांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, तीन महिने अहवालाच्या तारखेपासून मोजा, म्हणजे तुमचे बारा दिवस त्यात गेलेच. दुसरं पाकीट आलं ते मी खणात ठेवलं नाही. फ्रिजवर ठेवलं, घरातल्या सगळ्यांना दिसेल असं. तिसऱ्या दिवशी उघडलं.